न उघडणारा चाकू

भुताखेतांच्या गोष्टी घेऊन कुणी माझ्या दुकानात आलं तर मी आधी विचारते, काही घ्यायचंय का? नसेल तर पायरी मोकळी करा. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. पण या सदरात लोक काय काय लिहितात ते वाचून वाटलं, आपलंही प्रकरण मांडावं. कुणाला उलगडा झालाच तर हवा आहे.

जळकोटला हमरस्त्यावर आमचं जुन्या मोडीचं दुकान. तांब्या-पितळेची भांडी, कुलपं, अडकित्ते, चाकू. आमचे हे गेल्यापासून मीच बघते. तेव्हा निजामाचं राज्य होतं. जुने अंमलदार विलायती घडीचे चाकू हौसेनं जमवायचे आणि सोलापूरचे शौकीन ते माझ्याकडून न्यायचे. चाकूची पारख मला येते. फुशारकी म्हणून नाही, पुढचं नीट कळावं म्हणून सांगते. जुना चाकू राखेनं घासून चकचकीत केला की त्याची किंमत गेली. रॉकेलचा बोळा, मग तेलाचा थेंब, मग मऊ फडकं... बस. पातं धार लावून लावून झिजलंय का, कमान ताठ आहे का, मिटताना ‘कट्’ असा एकच आवाज येतो का, ते बघायचं.

गावात एक म्हातारे पेशकारसाहेब होते, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. हैदराबादला मुलाकडं कायमचे निघाले होते, म्हणून चाकूंची पेटी साफसफाईला आणि मोल करायला माझ्याकडं टाकून गेले. त्यात सांबरशिंगाच्या मुठीचा एक चाकू होता. गंजानं पातं आत बसलेलं.

“तो उघडत न्हाय,” ते म्हणाले. “माझ्या हयातीत कधी उघडला न्हाय. मोडीत धरा.”

तरी मी हट्टानं लागले. रात्रभर रॉकेलात भिजवला, गरम राखेत ठेवला, शेवटी पक्कड लावली. मुठीच्या शिंगावर पकडीचे ओरखडे उठले, पण पातं हललं नाही. मी तो बाजूला टाकला.

त्याच दिवसांत माझी लेक शिवकांता बाळंतपणाला आलेली होती. मुलगा झाला. आमच्यात बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात – विळा, नाहीतर चाकू. मला ते पटत नाही. तान्ह्या पोराच्या डोक्याखाली धार कशाला? पण शिवकांताच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, बारशाला आल्या आणि पहिलं काम म्हणजे उशी उचलून पाहिली.

“लोखंड कुठंय? पोरगं आमचं हाय, तुमच्या मोडीतलं न्हवं, कसंबी ठिवायला!”

मी तोच गंजलेला चाकू आणला आणि ‘हा उघडतच नाही’ असं सांगून उशाखाली सरकवला. लोखंड ते लोखंड, आणि उघडायची भीती नाही. बाईचं तोंड बंद झालं. मला वाटलं, मी शहाणपणा केला.

बाजाराचा दिवस होता, भर दुपार. बाळंतिणीची खोली दुकानाच्या मागं, तिला दार एकच आणि ते माझ्या डोळ्यांसमोर. विहीणबाई माझ्याजवळच बसून माझ्या गिऱ्हाइकांना नावं ठेवत होत्या. आत शिवकांता आणि बाळ, दोघंही झोपलेली. तिसरं कुणी नाही. आणि शिवकांता ओरडली.

मी आत गेले. चाकू उशाखाली नव्हता. बाळाच्या हनुवटीला लागून गोधडीवर पडला होता, सताड उघडा. टोपड्याचा गळ्याखालचा बंद कापला गेला होता, एका फटक्यात कापावा तसा. कातडीला ओरखडासुद्धा नव्हता. बाळ गाढ झोपेत.

मी चाकू उचलला. पात्यावर गंजाचा कण नव्हता. गोधडी झटकली, तिथंही भुकटी नाही. नाकाशी धरला, रॉकेलचा वास नाही, तेलाचा नाही. मिटला – कट्. नखानं उघडला, लोण्यातून फिरावा तसा फिरला. इतका चांगला चाकू त्या पेटीत दुसरा नव्हता! पण मुठीवर माझ्या पकडीचे ओरखडे होते. म्हणजे चाकू तोच.

“उघडतच न्हाय म्हनला हुता,” विहीणबाई दारातून म्हणाल्या. “हे काय मग? नातवाच्या नरड्याशी उघडी धार ठिवली तुमी!”

“मी ठेवताना बंद होता. तुमच्यासमोर ठेवला.”

“बंद हुता, पर बिघडलेला कुठं हुता? लबाड बाई!”

 शिवकांता बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली. विहीणबाईंनी तिथल्या तिथं सुनावलं, उद्या पोरगं आमच्या घरी, जळकोटात पुन्हा पाय नाही. बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत उचलून न्यायची, तीही असा आळ घेऊन! मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबा, साक्षीदार आणते. चाकू मिटून लोखंडी पेटीत ठेवला, कुलूप घातलं, किल्ली कमरेला.

पेशकारसाहेब अजून गावातच होते, सकाळी त्यांना बोलावलं. सगळ्यांसमोर कुलूप काढलं.

चाकू गंजलेला होता. मुठीवर माझ्या पकडीचे ओरखडे तेच. मिटलेला, आणि फटीत तांबूस भुगा, पहिल्यासारखाच. मी नखानं ओढलं. मग पक्कड घेतली. हलेना.

“व्हय, हाच माझा,” पेशकारसाहेब म्हणाले. “म्या सांगितलं हुतं, उघडत न्हाय.”

विहीणबाई हसल्या. “वा! साक्षीदार चांगला आनला. म्हंजे कालचा दुसरा हुता. दोन चाकू हायेत हिच्याकडं. रात्रीतून बदलला.”

“बदलून मला काय मिळणार होतं?”

“तुमाला ठावं.”

पेशकारसाहेबांनाही तेच पटलं असावं. त्यांनी बाकीची पेटीही मागून घेतली. “मालावर हात मारनाऱ्याकडं आमी माल ठेवत न्हाय, बाई,” म्हणाले, आणि तो चाकू खिशात टाकून गेले. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं मला कुणी बोललं नव्हतं. पण ते मी गिळलं. खरं लागलं ते पुढचं.

गाडी जुंपली तशी शिवकांता निघाली. बाळाला दुपट्यात गुंडाळून चढायच्या वेळी मागं वळली.

“अव्वा, दुसरा चाकू कुठंय?”

दुसरा चाकू नव्हताच, तर मी दाखवू काय?

निजामशाही गेली, पोरगं पळायला लागलं. शिवकांता वर्षाकाठी एखादा दिवस येते, बसते, पण पोराला माझ्या घरात झोपू देत नाही. पेंगायला लागलं की उठवून अंगणात फिरवते, उन्हातसुद्धा. मी पुष्कळ डोकं चालवलं. शिवकांतानं उघडला म्हणावं, तर ओल्या बाळंतिणीच्या बोटांत पकडीपेक्षा जोर कुठला? विहीणबाईंनी म्हणावं, तर त्या माझ्या शेजारी होत्या. कुलपाची किल्ली माझ्याकडंच होती. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी एकच माणूस उरतं, ते म्हणजे मी. आणि मी केलं नाही.

गेल्या वर्षी सोलापूरच्या बाजारात सांबरशिंगाचा एक घडीचा चाकू दिसला. मापानं तोच, पातं स्वच्छ. घेतला, पकडीनं मुठीवर तसेच ओरखडे काढले. ठरवलं, हा शिवकांतासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, हाच तो दुसरा, मीच बदलला होता, चुकले. आईला लबाड समजली तरी चालेल. लबाड आजीच्या घरात नातू झोपू शकतो.

ती आली. मी चाकू पुढं ठेवला, ठरवलं होतं ते सगळं बोलले. शिवकांतानं तो हातात घेतला नाही. वाकून नुसती बघत राहिली.

“हा न्हवं, अव्वा,” ती म्हणाली. “तो एकच हुता. म्या तवाच वळखलं हुतं.”

“मग माझ्यावर आळ का येऊ दिलास?”

“नायतर तू पोराला इथनं हलवू दिलं असतंस व्हय?” पोरगं माझ्या मांडीवर डोकं टेकून नुकतंच डुलक्या घ्यायला लागलं होतं. तिनं त्याचा दंड धरून त्याला उभं केलं.