जामिनासाठी कोरा सातबारा

नापिकीच्या त्या वर्षांत आम्ही अकोल्यातले पाच-सहा मास्तर-कारकून मिळून एक काम करायचो. लोकांसाठी भांडणाऱ्यांना लागेल ती मदत पोचवायची; कोणाचं एसटीचं भाडं, कोणाच्या वकिलाची फी. स्वतः घोषणा द्यायला आमच्यातला एकही पुढे जात नसे. मदत करणारे म्हणून रुबाब मात्र बराच होता.

नांदगाव खंडेश्वरची एक बाई होती. नवरा गेलेल्या बायकांची नावं सातबाऱ्यावर चढवा म्हणत ती तहसीलसमोर बसली. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून पोलिसांनी तिला उचललं. जामीन मंजूर झाला, तरी ती अमरावतीच्या तुरुंगातच. आम्ही वर्गणी जमवून मोठ्या ऐटीत अमरावती गाठली. तिचे वकील आमच्या पाकिटाकडे पाहून हसले.

"पैसे ठेवा खिशात. कोर्टाले जामीनदार पाहिजे, याच जिल्ह्यातला. कोरा सातबारा आना."

म्हणजे ज्या जमिनीवर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा नाही, तिचा उतारा. त्या वर्षांत तो आणायचा कुठून? चार दिवस आम्ही गावोगाव फिरलो. ज्याचा उतारा कोरा, त्याला पोलिसांची भीती. ज्याला भीती नव्हती, त्याच्या उताऱ्यावर बोजा.

आता खरं सांगतो. माझी स्वतःची तीन एकर जमीन नांदगावच्या शिवारात होती, वडिलांकडून आलेली, एका पैशाचा बोजा नसलेली. पण मी अनुदानित शाळेत शिक्षक. जामीनदार म्हणून माझं नाव लागलं तर संस्थाचालक काय म्हणतील, या धास्तीनं मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांना मात्र हिमतीवर भाषणं देत फिरलो.

पाचव्या दिवशी चांदूर बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे एक चाचा भेटले. त्यांची दोन एकर कोरी होती. मी दबकतच म्हणालो, "पोलीस घरी येतील, चाचा."

"येऊ द्या ना. चहा पिऊन जातील. त्या बाईनं माह्या बहिनीचं नाव चढवून देल्लं. कोर्टात कवा येऊ?"

दुसऱ्या दिवशी ती सुटली. तुरुंगाच्या फाटकाबाहेर तिनं चाचांना हात जोडले, मग माझ्याकडे आली. मी घाईघाईनं म्हणालो, "फार शोधलं हो ताई. कोरा सातबारा मिळतच नव्हता."

"तुमचं वावर कोरं हाय, मालूम हाय मले," ती शांतपणे म्हणाली. "गावचे सारे उतारे पाहूनच तं आमी अर्ज केले. तुमी अमरावतीले आले त्याच दिवशी वकिलाले म्या सांगतलं, सरले इचारू नका, त्याइची नोकरी हाय."

माझी नोकरी राहावी म्हणून ती इतके दिवस आत बसली होती. मला वर मान करून तिच्याकडे पाहवेना.