मूठभर जास्तीचं पीठ

मागच्या शनिवारी आमच्या गावी, पेडगावपासून जवळच, मारुतीच्या पारावर ग्रामसभा होती. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी जपण्यासाठी शासनाकडून गावाला निधी मंजूर झालाय. त्यातून चौकात नावं कोरलेला दगड उभा करायचा, असं ठरलं होतं.

अट एकच होती. नावांची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून मंजूर करून घ्यायची. मी गावच्याच शाळेत शिक्षक, त्यामुळे वाचायचं आणि ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगतो, मला तो नुसता सोपस्कार वाटत होता. लढ्यात उतरलेल्या सात जणांची नावं... दोन मिनिटांचं काम.

नावं वाचून झाली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शेवंताआजी काठी टेकत उभ्या राहिल्या. वय नव्वदीच्या घरात.

"मास्तर, ही पोरं दोन महिने रानात लपून ऱ्हायली. त्यांना भाकरी कुणी घातली, ते लिवायलात का न्हाई?"



आजी सांगायला लागल्या. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. रझाकारांचं लक्ष गावावर होतं. एखाद्या घरात जातं जास्त वेळ फिरलं, तरी संशय यायचा. म्हणून बायकांनी आपापसांत ठरवलं... रोजच्या वेळेलाच दळायचं, पण प्रत्येकीनं एक मूठ जास्ती. त्या मुठीच्या भाकरी टोपल्यात, वर गोवऱ्या रचून, रानात जायच्या. घरातल्या पुरुषांनाही पत्ता नव्हता.

"सापडलो असतो तर घरंच जाळली असती," आजी म्हणाल्या. "पर एकीनंबी तोंड उघडलं न्हाई."

सरपंचांनी विचारलं, "कोण कोण होत्या, आजी?"

आणि आजी नावं घेऊ लागल्या. अमक्याची बायको, तमक्याची आई असं नाही... एकेकीचं स्वतःचं नाव. कुंभाराची धोंडा. मशिदीमागची हलीमाबी. महारवाड्यातली मुक्ता. पाटलाची थोरली सून यशोदा... इथं सरपंचांनी मान वर केली. ती त्यांची पणजी. तिचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

मी भराभर लिहून घेत होतो. आठ नावं झाली. मग आजींनी माझ्याकडे बघितलं.

"आन् तुझी पणजी, मास्तर. भागीरथी."

माझा पेन थांबला. आमच्या घरात तिला सगळे नुसतं 'मोठ्याई' म्हणायचे. तिचा फोटो नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. मी इतकी वर्षं इतिहास शिकवतोय... आणि मला हे माहीत नव्हतं.

ग्रामसेवक हळूच म्हणाले, "मंजूर यादी सातच नावांची आहे." पण मग त्यांनीच निधीचा शासकीय कागद पुन्हा वाचला. ग्रामसभेनं ठराव केला तर नावं वाढवता येतात.

सरपंचांनी विचारायचा अवकाश, सगळ्या पारावर हात वर झाले. म्हाताऱ्यांचे, नव्या सुनांचे... एकही हात खाली नव्हता.

आजींचं नाव मात्र त्यांनी स्वतः घेतलंच नव्हतं. विचारलं तर हसल्या. "मी निस्तं टोपलं न्यायची रे. लहान पोरगी होते." गावानं ऐकलं नाही. बायकांच्या यादीत दहावं नाव शेवंताचं लिहिलं.

ज्या कुणी ती वाचून दाखवायची अट घातली, त्यांचे मनापासून आभार. आजींचे तर किती मानावेत...

घरी आल्यावर लेकीला सांगितलं, तुझ्या खापरपणजीचं नाव भागीरथी. ती स्वयंपाकघरात आईला सांगायला पळाली. मी बाहेर बसून ऐकत होतो... आमच्या घरात किती वर्षांनी कुणीतरी ते नाव घेत होतं.