पाच चाव्यांची सुतळी

किशनमामा आंघोळीलाही गळ्यातली सुतळी काढत नसत. तिच्यात आमच्या विहारातल्या पाच सायकलींच्या चाव्या होत्या. पोरापोरींनी लातूरला जाऊन शिकावं म्हणून वस्तीनं मिळून त्या सायकली आणल्या होत्या. माझ्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं; मी त्यातल्याच एका सायकलवरून कॉलेजात गेले.

लातूर जिल्हा नवा झाला त्या दिवसांत दुष्काळ पडला. विहीर आटली, पाणी लांबून आणावं लागे. रोज सकाळी विहारापुढं सायकलींसाठी दोन रांगा लागत, एक घागरीवाल्यांची, एक आम्हा दप्तरवाल्यांची. नव्या कचेरीत अर्ज द्यायला निघालेले वेगळेच. “मामा, तुम्हीच ठरवा,” सगळे म्हणत, आणि ठरवलं की मामांनाच बोलत.

“पोरीला सायकल, अन् म्या डोक्यावर पाणी वाहू व्हय?” शांताकाकू कडाडत.

मामा चाक फिरवत हसत. “सायकल समद्यांची. पंक्चर तेवढं माझं.”

एकदा किनवटहून त्यांच्या एकुलत्या लेकीचं पत्र आलं. बाळंतपण अवघड दिसतंय, बाबा, या. मामांनी पिशवी भरली आणि सुतळी काढून विहाराच्या पायरीवर ठेवली.

“आठ दिस कुणीतरी सांभाळा. नांदेडची गाडी यायलीय.”

कुणी हललं नाही.

“मामा, आमचं कोण ऐकंल?”

“तुमच्याबिगर हितं डोकी फुटतील,” शांताकाकू म्हणाल्या.

मी रांगेत पुढंच होते. माझी परीक्षा होती. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

गाडीचा हॉर्न वाजला, मग लांब गेला. मामांनी वाकून सुतळी उचलली, गळ्यात घातली. “बेडीला निदान मुदत असती,” एवढंच म्हणाले. मग माझ्या सायकलचं कुलूप काढलं. “जा, पेपर हाय न्हवं तुझा?”

लेक वाचली, मूल गेलं. मामांनी ते कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

ते वारले तेव्हा मी गावच्याच शाळेत शिकवत होते. सुतळी पुन्हा त्याच पायरीवर होती आणि पुन्हा कुणी हात पुढं करेना. पाचही चाव्या एकदम उचलायची मलाही धास्ती वाटली. मग ध्यानात आलं, ती गाठ आम्ही कुणी कधी सोडूनच पाहिली नव्हती. घामानं तिचा दगड झाला होता. मी दातांनी तोडली. एक चावी मुठीत घेतली, चार पायरीवर मांडल्या.

शांताकाकू पुढं झाल्या. त्यांनी एक उचलली, पदराला पुसली.

“तवाच घ्यायला पायजे व्हती गं,” म्हणाल्या.