तळ्यातलं चालणं

अंगावरून वारं गेलं तेव्हा मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होतो. सातवीतून शाळा सोडून बीडकडून आलेला माणूस, बायकोपोरं गावी. डावा हात, डावा पाय ऐकेना. पुन्हा मशीनसमोर उभं राहता आलं तर नोकरी, नाहीतर गावाकडं. एवढंच डोक्यात फिरायचं.

आजारी माणसाच्या जागी तिथं बदली लावायचे. तो परतला की बदली घरी. फार दिवस परतला नाही, तर बदलीच कायम. बाहेरचा माणूस जागा सोडायचा नाही, म्हणून मीच माझ्या गाववाल्याच्या मेहुण्याचं नाव सुचवलं. जागा घरातल्या घरात राहील, असं वाटलं.

गाववालाही त्याच कारखान्यात होता, जवळच्या शिरवणे गावात माझ्याच शेजारच्या खोलीत राहायचा. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्याच्यासमोरच बोलल्या होत्या, "निम्मा व्यायाम पाण्यात, निम्मा जमिनीवर. पाण्यात अंग हलकं होतं, पाय उचलतो. पण मशीन काही पाण्यात नाही तुमचं."

पाळी सुटली की तो मला तळ्यावर न्यायचा. माझ्या कमरेला पंचा बांधून टोक हातात धरायचा आणि छातीभर पाण्यात चालवायचा. पाय खरंच उचलायचा! मला रडू यायचं.

"सख्ख्या भावानं एवढं केलं नसतं रे."

"गप ए. लई बोलतो."

काठावर आलो की मी म्हणायचो, आता थोडं जमिनीवर.

"घाई काय आहे? पडलास, खुबा मोडला म्हंजे?"

मी मुळात भित्रा, मला पटायचं. आगरी घरमालकीण म्हातारी मात्र टोचायची, "आरं, म्हशीवानी पान्यानच ऱ्हानार हाय का तू?" आम्ही दोघं हसायचो.

एका सकाळी म्हातारीच्या पोराच्या टेम्पोत बसून कारखान्यावर गेलो. फोरमनला वाटलं, हिशेब घ्यायला आलो.

"तू गावी जाणार ना? तुझा गाववालाच बोलला, याला जमिनीवर उभं राहता येत नाही. त्या मेहुण्याला कालच परमनंट केलं."

खोटं नव्हतं ते. काठी असूनही मी दाराला टेकूनच उभा होतो.

संध्याकाळी तो पंचा घेऊन आला. "चल, पाणी गार होईल."

"मेहुण्याचे पेढे कुठायत?"

तो खाली बघत म्हणाला, "त्याला लेकरं आहेत गड्या."

"मला काय मांजरं आहेत?"

त्याला हाकलून द्यावं असं फार वाटलं. पण ओट्यावरून एकट्यानं उतरता येत नव्हतं मला, आणि त्या गावात दुसरा कोण होता? शेवटी कमर त्याच्यापुढं केली.

"बांध पंचा. पण तळ्यावर नाही. रस्त्यानं चालव."

त्यानं बांधला. रोजच्यासारखाच, नीट.