मागच्या अंगणातले नेचे

पन्नाशी गाठायच्या आतच वेल्डरचे डोळे अधू झाले. कारखान्यात घाई असली की तो तोंडावर काच न धरताच जोड मारायचा आणि मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा. शेवटी ऊनच सोसेना. काम सुटलं.

"भिंती किती दिवस बघत बसणार?" असं म्हणून बायको त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. शेजारच्या घरात वेल्डरचा थोरला भाऊ राहायचा. त्याच्या हद्दीतलं जुनं झाड दोन्ही अंगणांवर पसरलेलं, त्यामुळे इथे बारमाही सावली आणि ओल. गुलाबाने कधी जीव धरला नव्हता, पण भिंतीच्या फटींत नेचे उगवले होते. वेल्डरने ते मुळांसकट सोडवून रांगेने लावले, बुडाशी कुजका पाचोळा घातला. ना फूल, ना फळ. पण मोठे चिवट! थंडीत पानं करपली तरी गड्डे तग धरायचे आणि पुन्हा गुंडाळलेले कोंब वर यायचे. सात वर्षांत अंगण भरलं. काळा चष्मा तो फक्त तिथेच काढायचा.

एका सकाळी करवतीचा आवाज आला. तो धावत बाहेर गेला, तर निम्मं झाड आडवं झालेलं.

"दादा, अरे हे काय?"

"मुळं गटारात शिरलीत. पाणी घरात उलटतंय."

"निदान सांगायचंस तरी."

"माझं झाड तोडायला तुझी परवानगी काढू? तीही गवतासाठी?"



दुपारी अंगणात लख्ख ऊन पडलं. वेल्डरने काठ्यांवर चादरी ताणल्या, बायकोने बादल्या ओतल्या. तिसऱ्या दिवशी पानं जळक्या कागदासारखी चुरायला लागली. मग तो एकेक गड्डा उकरून न्हाणीमागच्या वीतभर जागेत नेऊ लागला.

"अहो, आत चला. डोळ्यांतून धारा लागल्यात."

"एवढे चार हलवतो."

चारही जगले नाहीत. त्याचा उजवा डोळा मात्र कायमचा गेला.

भाऊ भेटायला आला, खाली मान घालून बसला. "एवढं होईल असं वाटलं नव्हतं रे." पुढच्याच आठवड्यात, पुन्हा कुणाला न विचारता, त्याने त्या अंगणावर पत्रा घालून दिला. पत्र्याखाली सावली भरपूर होती, ओल नव्हती. आता तिथे भावाच्या मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात.