आत्याची काप्पी

गोळी गिळणाऱ्या माणसाकडे माझ्या आतेभावाइतक्या प्रेमाने बघणारा दुसरा मनुष्य साऱ्या कावेरीकाठावर सापडायचा नाही. एका परदेशी औषध कंपनीचं काम तो कुंभकोणमला घरी बसून करतो. गिळलेलं औषध रक्तात किती शिरतं, किती वेळ टिकतं, कधी बाहेर पडतं, याची गणितं संगणकावर मांडायची, हे ते काम. हुद्दा मोठा आहे, पण रुबाब नाही; आहे तो नुसता चौकसपणा. पापनाशमच्या एका लग्नात शेजारच्या पानावरच्या आजोबांनी खिशातून गोळी काढली, तर हा जेवण थांबवून विचारतो, "तुपाच्या आधी की तुपाच्या नंतर?" आजोबांनी घाबरून गोळी परत खिशात टाकली. आडुतुरैच्या बसमध्ये कंडक्टरचं डोकं दुखत होतं. गोळी रक्तात चढेपर्यंत कुठला थांबा येईल, हे याने त्याला इतकं समजावून सांगितलं की तो हात जोडून म्हणाला, "सार, तुमचं ऐकूनच डोकं थांबलं. गोळी राहू द्या." बैठकीत वरच्या साहेबांनी 'सरासरी रुग्ण' असा शब्द काढला की हा विचारतो, "राहतो कुठे तो? एकदा भेटून येतो."

पण त्याच्या घरातच एक रुग्ण होता जो कुठल्याच गणितात बसेना. त्याची आई, म्हणजे माझी आत्या. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची असते. आत्या ती सकाळच्या काप्पीच्या, म्हणजे कॉफीच्या, पहिल्या घोटाबरोबर घ्यायची, आणि काप्पीमुळे गोळी अंगी नीट लागत नाही. हे सांगून सांगून तो थकला. "गोळीसाठीं काप्पी सोडूं? ऐय्यो, त्यापेक्षां काप्पीसाठीं गोळी सोडतें," ती म्हणायची. शेवटी त्यानेच हात टेकले. वाया जाणारा भाग धरून डॉक्टरांकडून गोळीच मोठी करून घेतली आणि आईला अट घातली, "अम्मा, चूक कर, पण रोज तीच चूक कर." मी पोट धरून हसलो होतो.

गेल्या वर्षी कंपनीने त्याला काही महिने तिकडे बोलावलं. जाताना आत्याला माझ्यावर सोपवून म्हणाला, "अण्णा, कांही बदलूं नका, येवढेंच." मी मान हलवली. आणि आठवड्याभरात, औषधाच्या दुकानदाराने नियम सांगितला म्हणून, मी आत्याला सुधारायला बसलो. सकाळी पाणी आणि गोळी पुढे करायची आणि काप्पीचा तंबलर तासभर स्वतःजवळ अडवून ठेवायचा. आत्या कुरकुरली, पण भावाचा लेक सांगतोय म्हणून ऐकलं. पोटच्या मुलाला जे जमलं नाही ते मला जमलं, याचा मला किती अभिमान वाटत होता!

पुढे तिचे हात कापू लागले, झोप उडाली, अंगातले रवके, म्हणजे पोलकी, सैल पडले. मुलाची आठवण येत असेल, असं मी ठरवून टाकलं आणि फोनवर त्याला "सगळं ठीक" सांगत राहिलो. मग एका सकाळी तिची छाती धडधडू लागली आणि ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. खुबा मोडला.

तो आला तो थेट इस्पितळात. सगळं ऐकून घेऊन त्याने एवढंच विचारलं, "अण्णा, काप्पी केव्हां देत होतां?" मी सांगितलं, लाज वाटते, पण तेव्हाही जरा ऐटीतच सांगितलं. त्याने आईच्या पायांवरची चादर सारखी केली. "गोळी बरोबर घेतली तिनें," तो हळूच म्हणाला, "पण डोस चुकीच्या सवयीचा होता. सगळीच गोळी अंगीं लागली, ती जास्त झाली." मग माझा चेहरा बघून त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

आत्या आता काठी धरून घरातल्या घरात चालते. मला बघितलं की अजूनही "ये रे" म्हणते. कंपनीने त्याला परवा पुन्हा बोलावलं, तर त्याने इथूनच काम करतो म्हणून कळवलं. "जायचें मनांत होतें, पण असूं दे," मला म्हणाला. "तू जा, मी आहे ना," हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. तो थोडा थांबला, जणू वाट बघत होता. मग मी उठलो आणि चपला घातल्या.