देवमन ग्रेडरचा बर्गर

दर्यापुरात त्या काळी हौसेनं घरी पाव आणणारा माणूस शोधूनही सापडला नसता. पाव म्हणजे आजारपण. कोणाच्या हातात पावाची पिशवी दिसली की समोरचा सायकलवरून उतरून विचारणारच, "काहून भाऊ, कोन बिमार हाय?"

देवमन तायडेच्या घरी त्या वर्षी दसऱ्यापासून पाव येत होता. बायको भागीरथा चिकनगुनियानं पडली होती. ताप गेला, पण जाताना तिची मनगटं धरून गेला आणि तोंडाची चव घेऊन गेला. भाकर थापणं बंद, खाणंही बंद. काहीही दिलं की एक घास चघळायची आणि ताट सरकवून म्हणायची, "माती लागते." आधीच काटकुळी बाई, ती आणखी वाळली. शेवटी डॉक्टरांनी देवमनला बाजूला घेतलं. पथ्य काही नाही, वाटेल ते खाऊ द्या. पण शनिवारपर्यंत पोटात अन्न गेलं नाही, तर अमरावतीला भरती करा. "मी अमरावतीले जात नाही," भागीरथेनं भिंतीकडे तोंड करून सांगून टाकलं.

आता हा देवमन कोण? तर कापसाच्या सरकारी खरेदी केंद्रावरचा ग्रेडर. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की पुंजका चिमटीत धरायचा, ओढून बघायचा, नाकापाशी न्यायचा आणि ग्रेड सांगून पुढच्या बंडीकडे निघायचं. सुपर, फेअर, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला माल. माल आणणारा कास्तकार हात जोडून उभा असायचा, त्याला कोणी काही विचारत नसे. पण त्या हंगामात केंद्रावर बंड्याच फिरकेनात. अर्धं पीक बुडालं होतं आणि उरलेलं व्यापाऱ्यांनी वावरातूनच उचललं होतं. त्यामुळे देवमनसाहेब दुपारीच घरी. स्वयंपाकातलं त्यांना चहापलीकडे काही येत नव्हतं. एकदा भाकर करायला बसले, तर निम्मी तव्यावर आणि निम्मी चुलीत.

मग गाठ पडली इनायतुल्लाशी. चौकातल्या बेकरीचा हा मालक. कॉलेजची पोरं घेतील म्हणून त्यानं तीळ लावलेले गोल बन करायला घेतले होते, पण बाजार असा थंड की बन दुकानातच वाळत होते. "देवमनभाऊ, याले बर्गर म्हन्तात," तो म्हणाला. "बीचमें कुछ भी डालो. भाभीजीले खिलाओ."

कुछ भी म्हटल्यावर देवमननं ते मनावरच घेतलं. जे करता येत नव्हतं, ते तो खानावळीतून आणायचा. पहिल्या दिवशी बनात केळ्याच्या चकत्या आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा. दुसऱ्या दिवशी जवसाची चटणी, खजूर आणि दुधाची साय. मग बेसनाची पाटोडी गुळाच्या पाकात बुडवून, सोबत पेरू. हसू नका, पेरूचा तो बन खरंच बरा लागत होता. प्रत्येक बन तो आधी उघडायचा, आतला माल चिमटीत धरायचा, वास घ्यायचा आणि स्वतःच जाहीर करायचा, "सुपर." भागीरथा घास घ्यायची. "माती."

इकडे गल्लीत वेगळंच शिजत होतं. माणूस रोज पिशवी भरभरून बन नेतो, म्हणजे बाईचं काही खरं नाही. लोक भेटायला येऊ लागले आणि येताना अर्थातच पाव घेऊन येऊ लागले. शेजारची मैनाबाई तर दारातूनच डोळ्याला पदर लावून आत यायची.

शुक्रवार उजाडला. देवमननं जिवावर उदार होऊन वांग्याचं भरीत आणि बुंदी एका बनात भरली, वास घेतला आणि म्हणाला, "सुपर."

भागीरथेनं बनाला हातही लावला नाही. "अवो, एक सांगा. केंद्रावर तुमी कास्तकाराले इचारता काय, का बाबा, तुले काय वाट्टे?"

"नाही."

"मलेई नाही इचारलं."

देवमननं ताटली खाली ठेवली. बाई चुकीचं काही बोलली नव्हती. "मंग सांग," तो हळूच म्हणाला, "तुले काय पाहिजे?"

तिनं त्याच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "आंबट."

देवमनला आंबट चालत नसे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं अंबाडीच्या भाजीची वाटी "कवडी" म्हणून सरकवली होती, आणि त्या दिवसापासून घरात ना चिंच शिरली ना अंबाडी. भागीरथेचं माहेर पातूरचं. अंबाडीच्या लाल बोंडांची चटणी ती माहेरी जाऊन पोटभर खाऊन यायची. आई गेली, माहेर तुटलं, चटणीही गेली. एवढ्या वर्षांत ती बोलली नाही, आणि याला कळलं नाही. देवमनला स्वतःची फार लाज वाटली.

तो बाजारात गेला आणि बोंडं घेऊन आला. भागीरथा खाटेवरून सांगत गेली, तो करत गेला. पाकळ्या सोलल्या, लसूण आणि मिरचीसोबत तेलात परतल्या, ठेचल्या, गूळ घातला. शेवटच्या बनात खाली पाटोडी, वर ती चटणी, कच्चा कांदा आणि मूठभर कच्चा चिवडा. या वेळी त्यानं चिमटीत काही धरलं नाही. ताटली ठेवली आणि खाटेपाशी हात जोडून उभा राहिला.

भागीरथेनं दुखऱ्या बोटांनी बन उघडला. चटणी चिमटीत धरली, नाकापाशी नेली. हुबेहूब नवऱ्यासारखी. मग घास घेतला, चघळला, आणि दुसरा घेतला.

"ग्रेड काय?" देवमननं भीतभीत विचारलं.

"थांबा."

तिनं सगळा बन संपवला, बोटं चाटली. "फेअर," ती म्हणाली. "तिखट कमी पडलं. दुसरा आना."

बन तर संपले होते, आणि जुम्मा असल्यानं इनायतुल्लाची बेकरी बंद. लोकांनी आणलेला पाव केव्हाच शिळा झाला होता. देवमन अनवाणीच मैनाबाईच्या दारात गेला. संध्याकाळी भागीरथेला भेटायला येताना आणावा म्हणून तिनं ताजा पाव आणून ठेवलेला असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मैनाबाई, पाव हाय काय?"

मैनाबाईनं छातीवर हात ठेवला. "जास्त झालं काय हो भाऊ तिले?"

"नाही," देवमन म्हणाला, "तिले भूक लागली."